एकदाच ऐकलेला अल्बम : लिसनिंग पार्टी हा पुरावा कशाचा?

पेटच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "आवडीचा विषय घेतला तर चालेल ना?" चालेल की. आवड नसेल तर चार-पाच वर्षं एकाच विषयाशी संसार करणं अवघड जातं. अडचण येते ती पुढच्या प्रश्नाला. समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारतं, "लोकांना हे आवडतं असं तुम्ही म्हणता. नेमकं काय आवडतं? आणि ते तुम्हाला कशावरून कळलं?" इथे भले भले अडखळतात.

या प्रश्नाची उकल करायला मी आज एक जरा गमतीचं उदाहरण घेणार आहे. नवा अल्बम बाजारात येण्याआधी चाहत्यांना एकत्र बसवायचं आणि दणदणीत आवाजात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचा, याला लिसनिंग पार्टी म्हणतात. हेवी मेटलवाल्यांमध्ये ही प्रथा चांगली रुळलेली आहे. १३ एप्रिल २०२३ रोजी मेटॅलिका या बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम जगभरच्या सिनेमागृहांत एका रात्रीपुरता असा ऐकवला गेला. दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला, तो विक्रीला आला. मी तेव्हा बर्मिंगहॅमला होते. तिकीट काढून गेले.

त्या कार्यक्रमाचं परीक्षण करताना माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. कार्यक्रम झकास झाला. पण लिसनिंग पार्टी अल्बमबद्दल थोडं सांगते आणि ऐकणाऱ्यांबद्दल पुष्कळ. ही दोन उत्तरं एकाच वहीत, एकाच पानावर लिहून येतात, म्हणून त्यांची गल्लत होते. समीक्षकांची होते, चाहत्यांची होते आणि संशोधनाला निघालेल्या आपल्यासारख्यांची तर फारच सहज होते.

ही प्रथा जुनीच आहे

मेटॅलिकाने असा प्रयोग पहिल्यांदा केला असं नाही. ३ ऑगस्ट १९९१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या त्या वेळच्या नव्या अल्बमची लिसनिंग पार्टी झाली होती. अल्बमचं नाव नुसतंच ‘मेटॅलिका’, पण काळ्याकुट्ट मुखपृष्ठामुळे सगळे त्याला ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात. विक्रीला तो १२ ऑगस्टला आला. म्हणजे ज्या सभागृहात एरवी बास्केटबॉलचे सामने आणि मोठमोठ्या मैफली होतात, तिथे लोक नुसती टेप ऐकायला जमले.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि विक्रीची संगणकीय मोजणी १९९१ मध्ये सुरू झाल्यापासून तिथे सर्वाधिक खपलेल्या अल्बमांमध्ये त्याचं नाव सर्वांत वर घेतलं जातं. आता एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं की ‘गार्डनमधल्या प्रतिसादावरूनच या यशाची चाहूल लागली होती’, तर? वाचायला छान वाटतं. पण आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. जे लोक रेकॉर्ड ऐकण्यासाठी मुद्दाम घराबाहेर पडतात, ते आधीपासूनच बँडचे भक्त असतात. त्यांच्या आरडाओरड्यावरून, ज्यांनी मेटॅलिकाचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो लोकांबद्दल काहीच सांगता येत नाही. आणि हा अल्बम खपला तो त्या दुसऱ्या लोकांमुळे. निर्माते बॉब रॉक यांच्याबरोबर बँडने गाणी आखूड केली, वेग उतरवला, आवाज भरदार केला. जुन्या चाहत्यांपैकी काहींना तर तो विश्वासघात वाटला होता.

सँपल कोणाचं आहे हा प्रश्न पद्धतिशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात असतो. गर्दी मोठी दिसली की तो आपल्या डोक्यातून जातो. दहा हजार माणसं असली तरी एकाच दारातून आलेली दहा हजार माणसं हे फार अरुंद सँपल असतं.

लिसनिंग पार्टीला दुसरीही एक बाजू आहे, ती म्हणजे ताबा. १३ एप्रिल २००० रोजी मेटॅलिकाने नॅपस्टर या कंपनीवर दावा ठोकला. त्यांच्या ‘आय डिसअपिअर’ या गाण्याची अपुरी आवृत्ती प्रकाशनाआधीच इंटरनेटवर फिरू लागली आणि रेडिओवरही वाजली, हे त्याचं एक निमित्त. पुढे बरोबर तेवीस वर्षांनी, त्याच तारखेला, हाच बँड आपला अल्बम प्रकाशनाच्या आदल्या रात्री स्वतःहून लोकांना ऐकवत होता. तारखा जुळणं हा योगायोग समजूया. पण फरक पाहा : ऐकवायचं, पण आपल्या जागी, आपल्या वेळी, आपल्या क्रमाने, आणि कोणाला मागे-पुढे करता येणार नाही अशा रीतीने. आपण ज्याला ‘पहिलं ऐकणं’ म्हणतो ते इथे कोणीतरी नीट बेतलेलं असतं.

त्या रात्री काय वाजलं

बर्मिंगहॅम हे हेवी मेटलचं माहेर. ब्लॅक सॅबथ इथल्या ॲस्टन भागातली पोरं. ब्रॉड स्ट्रीटवर कालव्याच्या पुलाला त्यांचं नाव दिलंय आणि तिथे चौघांचे चेहरे लावलेलं बाकडंही आहे. त्यामुळे अशा कार्यक्रमाला या शहरात प्रेक्षक शोधावे लागत नाहीत. थिएटर अर्ध्याहून जास्त भरलं होतं. काळे टी-शर्ट, बरेचसे धुऊन धुऊन राखाडी झालेले. माझ्या रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. शीर्षकातले बहात्तर ऋतू म्हणजे वर्षाचे चार याप्रमाणे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. या वर्षांत माणूस जो घडतो किंवा बिघडतो, त्याच्याशी पुढे जन्मभर झुंजत राहतो, असा जेम्स हेटफील्डच्या शब्दांचा सूर आहे. तेव्हा ती मुलगी तिथे बसलेली पाहून मला विषयाचं गांभीर्य जरा जास्तच जाणवलं.

अल्बममध्ये बारा गाणी, मिळून सुमारे ७७ मिनिटं. प्रत्येक गाण्यासाठी वेगळा व्हिडिओ बनवलेला. मध्ये मध्ये बँडचे सदस्य पडद्यावर येऊन गाण्यांबद्दल बोलणार. आवाज सराउंडमध्ये, म्हणजे पडद्यामागून, भिंतींवरून आणि खाली छातीत धडधडणाऱ्या सबवूफरमधून.

मी वहीत तीन रकाने पाडले होते : गाणं, माझं मत, आणि आजूबाजूला काय घडतंय. हा तिसरा रकाना मी घरी येऊन वाचला आणि त्यातूनच हा लेख सुचला.

तिसऱ्या रकान्यात चार ठिकाणी मी ‘मोठा प्रतिसाद’ असं लिहिलं होतं : शीर्षकगीत ‘७२ सीझन्स’, ‘स्क्रीमिंग सुइसाइड’, ‘लक्स इटर्ना’ आणि ‘इफ डार्कनेस हॅड अ सन’. आता ही चार गाणी कोणती? तर नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात आधीच प्रसिद्ध झालेली. बारांपैकी चार, मिनिटांत मोजली तर ७७ पैकी साधारण २३. लोक ओरडत होते, हवेत मुठी उडवत होते, बरोबर गात होते, ते ओळखीच्या गाण्यांना. ‘लक्स इटर्ना’ तर जेमतेम साडेतीन मिनिटांचं, अल्बममधलं सर्वांत छोटं, आणि साडेचार महिन्यांपासून सगळ्यांच्या फोनवर असलेलं. नव्या आठ गाण्यांना लोक शांत होते. नापसंती होती असं नाही. ते ऐकत होते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये एक गोष्ट प्रयोगाने मांडली : एखादी गोष्ट वारंवार समोर आली की नुसत्या परिचयानेही ती अधिक आवडू लागते. तेव्हा त्या रात्री चार गाणी ‘गाजली’ हे विधान खरं आहे, पण ती चार गाणी अल्बममधली सर्वोत्तम आहेत याचा तो पुरावा होत नाही. तो पुरावा आहे परिचयाचा. दोन्ही विधानं एकाच नोंदीतून निघतात. दुसऱ्या विधानाला ती नोंद पुरत नाही, इतकंच.

टाळ्या कोणासाठी?

शीर्षकगीत संपल्यावर टाळ्या झाल्या. आपल्याकडच्या मैफलीची सवय असलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. सवाई गंधर्व महोत्सवात श्रोत्यांची दाद गायकापर्यंत पोहोचते. एखादी जागा उचलून धरली की गायक तिथे आणखी दोन क्षण रेंगाळतो. दाद हा तिथे गाण्याचाच भाग. सिनेमागृहात मात्र हेटफील्डला काही ऐकू जाणार नव्हतं. पडद्यावरचं गाणं आमच्या टाळ्यांनी एका सेकंदाने लांबणार नव्हतं की आखूड होणार नव्हतं.

मग टाळ्या कोणासाठी? माझ्या मते, एकमेकांसाठी. ‘तूही यातलाच ना? मीपण.’ असं सांगण्याची ती एक रीत. संगीत ही वस्तू नसून माणसांनी मिळून करायची कृती आहे, असं ख्रिस्टोफर स्मॉल यांनी १९९८ च्या ‘म्युझिकिंग’ या पुस्तकात मांडलं. त्यांच्या नजरेने पाहिलं तर लिसनिंग पार्टी हा दुय्यम दर्जाचा कॉन्सर्ट ठरत नाही. वादक गैरहजर असताना श्रोत्यांनीच केलेला तो एक सोहळा असतो. माझ्या रांगेतल्या बाप-लेकीला त्या रात्री अल्बमचं परीक्षण करायचंच नव्हतं. बापाला आपल्या तरुणपणातलं काहीतरी लेकीच्या हाती द्यायचं होतं. ते त्याने दिलं, किंवा देण्याचा प्रयत्न केला. ते दोघं मध्येच काय बोलले ते मी ऐकलं, पण इथे लिहीत नाही. मी तिथे प्रेक्षक म्हणून गेले होते, संशोधक म्हणून त्यांची परवानगी घेतलेली नव्हती. माझ्या विद्यापीठाच्या एथिक्स समितीची मंजुरीही या कार्यक्रमासाठी नव्हती. म्हणून ही वही माझ्या प्रबंधाचा डेटा नाही. ब्लॉगवर एक प्रेक्षक म्हणून मत द्यायला ती चालते, प्रबंधात एखाद्याचं वाक्य उद्धृत करायला चालत नाही. सिनॉप्सिस लिहितानाच ही रेघ ओढून ठेवा. नंतर ओढायला गेलं की फार जिवावर येतं.

इतरांची पसंती दिसली की आपली पसंती कशी हलते, यावर एक गाजलेला प्रयोग आहे. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो २००६ मध्ये ‘सायन्स’ मध्ये प्रसिद्ध केला. १४,३४१ जणांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऑनलाइन ऐकायला दिली. काहींना गाण्यांची फक्त नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त विभागलं होतं आणि आपल्या जगात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय ते त्यांना दिसत होतं. जिथे आकडे दिसत होते तिथे गाजलेली गाणी जास्त गाजली, पडलेली जास्त पडली, आणि कोणतं गाणं गाजणार हे एका जगातून दुसऱ्या जगात बदलत गेलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं.

तिथे नुसता एक आकडा होता. इथे शेजारच्या खुर्चीत माणूस मान हलवतोय आणि त्याची खुर्ची माझ्या खुर्चीला जोडलेली आहे! ‘शॅडोज फॉलो’ चालू असताना माझ्या दुसऱ्या रकान्यात ‘दमदार’ असा शेरा आहे आणि तिसऱ्या रकान्यात ‘पूर्ण रांग हलतेय’ असा. या दोन शेऱ्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणू नका.

मोठा आवाज सगळ्यांना शोभतो

आता कानाकडे येऊ. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा वागवत नाही. आवाज लहान असला की खर्जातले स्वर आपल्याला प्रत्यक्षात असतात त्याहून क्षीण वाटतात. आवाज वाढवत नेला की खर्ज भरून येतो. घरी रात्री हळू आवाजात गाणी लावली की तबल्याचा डग्गा हरवतो, तो याच कारणाने.

हेवी मेटलचा सगळा डोलारा खालच्या पट्टीतल्या गिटारवर, बेसवर आणि पायाने वाजवायच्या बेस ड्रमवर उभा. सिनेमागृहाच्या आवाजात यातलं कोणतंही गाणं भव्यच वाटणार. म्हणूनच दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करणारे जाणकार आधी दोन्हींची पातळी सारखी करून घेतात, कारण नुसतं थोडं मोठं वाजलेलंही कानाला ‘चांगलं’ वाटतं. लिसनिंग पार्टीत ही काळजी घेण्याची सोयच नसते. शिवाय सराउंडमध्ये ऐकलेला आवाज आणि हेडफोनच्या दोन कानांत येणारा आवाज या वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी. सिनेमागृहातलं ऐकून सीडीवर मत देणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवून घरच्या डब्याबद्दल अभिप्राय देण्यासारखं आहे.

याच बँडच्या बाबतीत याचं उलट उदाहरणही घडलेलं आहे. २००८ च्या सप्टेंबरमध्ये ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. त्याच वेळी त्याची गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्येही आली. काही चाहत्यांच्या लक्षात आलं की गेममधला आवाज मोकळा आहे आणि सीडीवरचा फाटलेला. त्यांनी दोन्हींचे ध्वनिआलेख शेजारी शेजारी ठेवले. सीडीवर आवाज इतका दाबून वर चढवला होता की लहान-मोठ्यातला फरक जवळपास उरलाच नव्हता, लाटांचे शेंडे कापले गेले होते. हजारो लोकांनी पुन्हा मिक्सिंग करा म्हणून ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. हे कोणी केलं? पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या, थांबवून ऐकणाऱ्या, एक आवृत्ती दुसरीशी ताडून पाहणाऱ्या सामान्य चाहत्यांनी. पद्धत म्हणून याला तोड नाही. आणि कितीही भव्य लिसनिंग पार्टी घेतली असती तरी तिच्यातून हे उघडकीला आलं नसतं, कारण तिथे ताडून पाहायला दुसरी आवृत्तीच नसते.

अर्थ आधी, गाणं नंतर

कार्यक्रमाबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. बँडचे सदस्य पडद्यावर येऊन गाण्यामागचा विचार सांगतात आणि मग गाणं लागतं. चाहत्याला हे हवंहवंसं वाटणारच, मलाही वाटलं. पण या क्रमाने ऐकलं की आपण गाण्यात अर्थ शोधत नाही, सांगितलेला अर्थ सापडतोय का ते तपासतो. आणि तो सापडतोच. मुलाखत घेताना ‘तुम्हाला या योजनेचा फायदा झाला ना?’ असं विचारलं की समोरचा हो म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. प्रश्नावलीत अशा सूचक प्रश्नावर गाइड लाल रेघ मारतात. इथे त्याला बोनस म्हणून विकलं जातं.

व्हिडिओंचंही तसंच. प्रत्येक गाण्याला वेगळे रंग, वेगळा प्रकाश, वेगळी हाताळणी. त्यामुळे सिनेमागृहात बारा गाणी एकमेकांपासून ठळकपणे वेगळी वाटली. पुढचे दोन आठवडे मी तोच अल्बम घरी हेडफोनवर ऐकला, कधी ओळीने, कधी क्रम उलटा करून, कधी एकच गाणं. डोळ्यांसमोर काही नसताना चित्र बदललं. ‘शॅडोज फॉलो’, ‘चेसिंग लाइट’, ‘टू फार गॉन?’ यांच्यात वेग आणि गिटारचा पोत इतका जवळचा आहे की मधूनच कोणी लावलं तर ओळखायला मला काही सेकंद लागत. संथ गाणं, म्हणजे ज्याला बॅलड म्हणतात तसं, या अल्बममध्ये एकही नाही. सहा-सात मिनिटांची गाणी बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींची रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी ओळ, गाणं संपण्याच्या दीडेक मिनिट आधीच दमते. सिनेमागृहात हा वेगळेपणा व्हिडिओंनी उसना दिला होता.

आणि याच्या उलटही झालं. शेवटचं ‘इनामोराटा’ हे अकरा मिनिटांहून मोठं, बँडच्या स्वतःच्या अल्बमांतलं सर्वांत लांब गाणं. सिनेमागृहात ते लागलं तेव्हा आधीची अकरा गाणी, म्हणजे सहासष्ट मिनिटांचा मारा आणि वर गप्पा, अंगावरून गेलेल्या. लोक जॅकेटं गोळा करत होते. माझ्या वहीत त्यापुढे फक्त ‘लांब’ एवढाच शेरा आहे. घरी एका सकाळी मी ते सुरुवातीलाच लावलं, कान ताजे असताना. मध्यावर सगळं थांबून रॉबर्ट ट्रुहीयोचा बेस एकटा उरतो, मग गिटार हळूहळू त्याच्याभोवती जमू लागते. अल्बमभर स्वतःच्या दुःखाशी भांडणारा माणूस इथे त्या दुःखावरच जीव जडल्याची कबुली देतो, आणि त्या कबुलीला हे मोकळं अवकाश लागतंच. माझ्या मते या अल्बमचं शीर्षक खऱ्या अर्थाने पेलणारं गाणं हेच. पार्टीच्या क्रमात त्याला न्याय मिळणं शक्य नव्हतं.

म्हणून अल्बमबद्दल माझं मत असं : पंधरा-वीस मिनिटांनी आखूड असता तर मोठा अल्बम झाला असता. आहे तसा तो प्रामाणिक, दणकट आणि थोडा पसरट आहे. त्याच्या टोकाला एक असामान्य गाणं आहे. हे मत सिनेमागृहात तयार होऊच शकलं नसतं. आणि बाप-लेकीबद्दल, टाळ्यांबद्दल मी वर जे लिहिलं ते हेडफोन लावून कधीच कळलं नसतं.

तुमच्या कामाचं काय?

एकत्र ऐकण्याला माझा विरोध आहे असं समजू नका. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या बैठकींत मंडळी जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या एकत्र बसून ऐकत आली आहेत. तिथेही गर्दी दर्दींचीच. पण तबकडी पुन्हा लावता येते, दुसऱ्या गायकाच्या तबकडीशी ताडता येते, लेबलवरचा क्रमांक पाहून वाद घालता येतो. ऐकणं एकत्र, तरी तपासाला वाव आहे. अडचण गर्दीची नसून पुन्हा न ऐकता येण्याची आहे.

तेव्हा तुमचा विषय मेटल असो, कीर्तन असो, तमाशाचा फड असो की यूट्यूबवरचा मराठी रॅप, फील्डवर जाऊन आलात की त्याच रात्री वही उघडा. प्रत्येक वाक्यापुढे एक छोटा प्रश्न लिहा : हे कृतीबद्दल आहे, श्रोत्यांबद्दल आहे की माझ्याबद्दल? ‘गाणं प्रभावी होतं’ या वाक्याचं उत्तर तिन्हींपैकी काहीही असू शकतं. जिथे उत्तर ठरत नाही, तिथे आणखी काय पाहिलं तर ठरेल ते लिहा. पुन्हा ऐकावं लागेल? वेगळ्या क्रमाने? या विषयाची आवड नसलेल्या कोणाला ऐकवावं लागेल? परवानगी घेऊन कोणाशी बोलावं लागेल? ही यादी म्हणजेच तुमच्या सिनॉप्सिसमधलं संशोधनपद्धतीचं प्रकरण. ते दुसऱ्या कोणाच्या प्रबंधातून उचलून आणायची गरजच पडत नाही.

मेटलचा अभ्यास करणाऱ्यांसाठी दोन नावं सांगून थांबते. डीना वाइनस्टीन यांनी १९९१ मध्ये मेटलकडे समाजशास्त्राच्या अंगाने पाहिलं : चाहते, मैफली, माध्यमं. रॉबर्ट वॉल्सर यांनी १९९३ मध्ये ‘रनिंग विथ द डेव्हिल’ मध्ये गिटारचे स्वर आणि त्या स्वरांभोवतीचा समाज दोन्ही हाताळले. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. एकाच संगीताबद्दल किती वेगळे प्रश्न विचारता येतात, आणि प्रत्येक प्रश्नाला वेगळाच पुरावा कसा लागतो, ते लक्षात येईल. आपला पुरावा नेमका कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे एकदा ठरलं, की मुलाखतीतल्या त्या शांत प्रश्नाची भीती वाटत नाही.